पटाला विचारा, तो कुणासाठी काढला होता

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही निसटलं असेल तर सांगता येईल. तुम्ही ठाण्यातल्या एका हस्तकला प्रदर्शनात पश्चिम बंगालच्या एका चित्रकार बाईंकडून गुंडाळीचा पट घेतला. त्यात टायटॅनिक बुडाल्याची गोष्ट आहे, वरून खाली पाच चौकटींत. त्याच सुमारास जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने तुम्हाला सुट्या कागदावरचं एक चित्र दाखवलं: तोंडात कोळंबी धरलेलं मांजर. 'कालीघाट, १८८०च्या आसपास', म्हणजे कलकत्त्याच्या कालीच्या देवळापाशी काढलेलं जुनं चित्र, असं तो सांगतो, आणि किंमतही तशीच सांगतो. तुमच्या मित्राचं म्हणणं असं की मांजर अस्सल आणि टायटॅनिक म्हणजे शहरी गिऱ्हाइकांसाठी केलेली भेसळ. परंपरेत टायटॅनिक कुठून येणार? तुम्हाला हवंय ते हे: खरं कोणतं, बंगालच्या पटांची ही शैली बिघडत गेली का, आणि दोन्ही घेतली तर जपायची कशी.

मी कागदावरच्या चित्रांच्या जतनाचं काम करते. त्यामुळे चित्र समोर आलं की माझी नजर देवाच्या चेहऱ्याआधी कागदाच्या कडेकडे जाते. माझं उत्तरही तसंच, कागद आणि रंगाच्या बाजूने येईल. कलेच्या इतिहासाचे प्राध्यापक कदाचित वेगळ्या टोकाने सुरुवात करतील. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते: मांजर खरं की खोटं हे तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मी सांगणार नाही, कुणी सांगितलं तर विश्वासही ठेवू नका. ते चित्र हातात घेऊनच ठरतं. पण तुमच्या मित्राने जी कसोटी लावली आहे, म्हणजे विषय जुना तर चित्र अस्सल आणि विषय नवा तर चित्र नकली, ती या शैलीला मुळातच लागू होत नाही. का, ते सांगते.

आधी एक घोळ सोडवू. तुमच्याकडच्या दोन वस्तू एकाच घराण्यातल्या असल्या तरी दोन वेगळ्या शाखांच्या आहेत. गुंडाळीचा पट ही जुनी शाखा. बंगालीत त्याला 'जडानो पट' म्हणतात आणि तो काढणाऱ्याला पटुआ. मेदिनीपूर, बीरभूम, मुर्शिदाबाद, बांकुडा या भागांत पटुआ काखेत गुंडाळ्या घेऊन गावोगाव फिरायचा. अंगणात बसायचं, एकेक चौकट उलगडायची, बोटाने दाखवत गायचं, खालची चौकट उघडली की वरची गुंडाळत जायची. नागांची देवी मनसा आणि बेहुला-लखिंदर, चंडीदेवीची कथा सांगणारं चंडीमंगल, रामायण, कृष्णलीला. बऱ्याच पटांच्या शेवटी यमराजाचा दरबार आणि पाप्यांना होणाऱ्या शिक्षा. तिथे आल्यावर बाया सुपातून तांदूळ घालायच्या. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी मांडून कथा सांगतात, त्यांच्याशी याचं नातं लगेच ओळखू येईल, पण त्यात शिरत नाही.

दोन गोष्टी मात्र इथेच लक्षात ठेवा. पहिली, हे पटुआ बहुतेक धर्माने मुसलमान. आडनाव चित्रकार, आणि अनेकांची दोन नावं, एक हिंदू वळणाचं आणि एक मुसलमानी. ते दुर्गाही काढतात आणि वाघावर बसलेला गाझी पीरही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे १८०० सालचा एक गाझीचा पट आहे; तेरा मीटरच्या आसपास लांब, पन्नासहून अधिक चौकटी. म्हणजे कुठल्याही एका धर्माची, एका पोथीची 'शुद्ध' परंपरा इथे शोधायला गेलात तर पहिल्याच पावलाला अडाल. ज्या गावात गायचं त्या गावाला जे ऐकायचं आहे ते पटावर यायचं.

दुसरी गोष्ट, पट ही वापरायची वस्तू होती. रोज उलगडायचा, रोज गुंडाळायचा, दमट हवेत फिरवायचा. चौकट फाटली की मागून कापडाचा तुकडा चिकटवायचा, रंग उडाला की पुन्हा भरायचा, फारच झिजला की नवा काढायचा. त्यामुळे फार जुने पट आज मिळत नाहीत, आणि जे मिळतात त्यांत एकाच पटावर दोन-तीन हातांचं काम दिसतं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका मनसा-पटात वरच्या दोन चौकटींची लाल पार्श्वभूमी आणि खालच्यांची लाल पार्श्वभूमी यांत स्पष्ट फरक होता: वरची खनिज मातीची, मंद, खालची बाजारातल्या पुडीची, झगझगीत. मालकांना ती खालची 'बिघडलेली' वाटत होती आणि ती काढून मूळ रंग आणता येईल का, असं ते विचारत होते. मी नाही म्हटलं. ज्याने ती पुडी वापरली तोही पटुआच होता, आणि त्याला पट उद्या गावात न्यायचा होता.

आता कालीघाट. कलकत्त्यातलं कालीचं सध्याचं देऊळ १८०९ मध्ये बांधून पूर्ण झालं. शहर वाढत होतं, यात्रेकरूंची रीघ लागलेली, आणि यात्रेहून परतताना प्रत्येकाला घरी न्यायला काहीतरी हवं. गावाकडचे पटुआ तिथे येऊन वसले. पण इथलं गिऱ्हाईक वेगळं. त्याला तासभर बसून गाणं ऐकायला वेळ नाही; त्याला एक देव हवा, आज हवा, आणि एका पैशात हवा. गुंडाळी इथे निरुपयोगी. मग सुटा कागद आला, गिरणीचा, पातळ, साधारण ४५ सेंटिमीटर उंच आणि २८ सेंटिमीटर रुंद. चौकटींची मालिका गेली, कडेची नक्षी गेली, मागचं झाड-घर-नदी गेलं. कोऱ्या कागदावर एकच मोठी आकृती उरली, फार तर दोन.

काम घरातल्या माणसांत वाटलेलं असे. एकाने पेन्सिलीने आकृती उतरवायची, दुसऱ्याने अंगाची गोलाई भरायची, तिसऱ्याने कपडे आणि दागिन्यांचे रंग, आणि शेवटी जाणत्या हाताने काजळीच्या काळ्या रेषेने सगळं बांधून घ्यायचं. बायका-मुलंही या साखळीत असत. अशा चित्रांवर सही नसते, याचं कारण पटुआचा विनय वगैरे नाही. सही करायची कुणी?

या शैलीची ओळख म्हणजे अंगाला गोलाई देणारी ती छटा, आणि ती जवळून बघण्यासारखी आहे. कालीघाटच्या चित्रातला एक हात भिंगाखाली धरा. रुंद कुंचला पाण्याने ओला, त्याच्या एका कडेलाच रंग घेतलेला, आणि तो खांद्यापासून मनगटापर्यंत एका दमात ओढलेला. बाहेरच्या कडेला गडद, आत येता येता फिका, मध्ये जवळजवळ कोरा कागद. दोन्ही कडांनी असं केलं की सपाट कागदावर दंड गरगरीत होतो. पातळ गिरणी कागदावर दुसऱ्यांदा हात फिरवायची सोय नसते. कागद फुगतो, आधीचा रंग उठतो. त्यामुळे वेग ही लहर नव्हती, सामानाची सक्ती होती. शेवटची काळी रेषा बघितली तर तिची सुरुवात ठाशीव आणि शेवट किंचित विरळ दिसेल. कुंचल्यातली शाई संपत आली तिथपर्यंत हात उचललेला नाही.

ही छटा आली कुठून, यावर जुना वाद आहे. डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अभ्यासकाने १९५०च्या दशकात मांडलं की ती ब्रिटिश जलरंगांच्या प्रभावातून आली. बंगालच्या अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. माझं मत सामान बघून बनलेलं आहे. कागद गिरणीचा आणि पुढे रंगांच्या वड्याही विलायती, हे खरं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण विलायती जलरंगात उजेड एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. कालीघाटच्या चित्रात उजेड कुठूनच येत नाही. सावली जमिनीवर पडत नाही. छटा फक्त अंगाच्या कडेने फिरते, दोन्ही बाजूंनी सारखी. ही नजर मातीची मूर्ती वळवणाऱ्याची आणि रंगवणाऱ्याची आहे, आणि पटुआ मूर्तीही रंगवत होते. सामान बाहेरून आलं, बघण्याची रीत घरची राहिली, असं मी म्हणेन. प्रत्येक चित्राला हे लागू होईल असा दावा नाही. उशिराच्या काही चित्रांत विलायती छापील चित्रांची नक्कल सरळ दिसते.

दागिन्यांवरचा चंदेरी रंग हीही एक खूण. तो चांदीचा नसतो, कथलाचा असतो. कथलाची बारीक पूड डिंकात कालवून लावलेली. नवा असताना तो चकाकत असणार, आज बहुतेक चित्रांत राखाडी झालेला दिसतो. हे पुढे मांजराच्या वेळी कामाला येईल.

विषयांकडे येते, कारण मित्राचा आक्षेप तिथला आहे. सुरुवात काली, दुर्गा, शिव, कृष्ण यांच्यापासून झाली. पण देवळाबाहेर बसणाऱ्या माणसाला शहर दिसत असतं. हळूहळू कार्तिकेयाच्या डोक्यावर विलायती 'आल्बर्ट' वळणाचा भांग आला आणि पायांत बकलचे बूट. दुर्गेला बसायला खुर्ची मिळाली. मग देव बाजूला सरकून बाबूच आला, म्हणजे कलकत्त्याचा पैसेवाला छानछोकी माणूस: चुणीदार धोतर, खांद्यावर चादर, हुक्का, शेजारी गुलाबाचं फूल घेतलेली बाई. पुढच्या चित्रात त्याच बाबूला तीच बाई केरसुणीने बडवते आहे, त्याच्यापुढच्यात तो मेंढरू झाला आहे आणि तिने त्याच्या गळ्यात दोरी बांधली आहे. तुमचं कोळंबीवालं मांजरही याच गोतावळ्यातलं. त्याच्या कपाळावर पुष्कळदा वैष्णवाचा टिळा असतो, गळ्यात माळ. शाकाहाराचा उपदेश करणाऱ्या ढोंगी बुवाची ती टर आहे.

आणि मग १८७३. हुगळी जिल्ह्यातल्या तारकेश्वराच्या देवस्थानाचा महंत माधवचंद्र गिरी आणि एलोकेशी नावाची सोळा वर्षांची विवाहिता यांचं प्रकरण. तिचा नवरा नवीनचंद्र कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यात नोकरीला. गावी आल्यावर त्याला सगळं कळलं आणि मे महिन्यात त्याने मासे कापायच्या विळीने तिचा गळा चिरला. ज्यूरीने त्याला सोडायचं म्हटलं, न्यायाधीशाला ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं. नवीनला जन्मठेप आणि महंताला तीन वर्षांची सक्तमजुरी आणि दंड. लोकांचा कल एवढा नवीनच्या बाजूने होता की दोन वर्षांत त्याला सोडावं लागलं. कालीघाटच्या पटुआंनी हे अख्खं प्रकरण चित्रांत काढलं. एलोकेशी आणि महंताची भेट, विळी उगारलेला नवीन, कोर्ट, तुरुंगात घाणा ओढणारा महंत. लोकांनी ती चित्रं वर्षानुवर्षं विकत घेतली. पुढे वाघाशी झुंजणारा सर्कशीतला श्यामाकांतही आला, आणि घोड्यावरची झाशीची राणीही आली.

तेव्हा मित्राला एवढंच विचारा: १८७३ मध्ये खून-खटल्याचं चित्र काढणारा पटुआ परंपरेत बसतो, तर सिनेमा पाहून टायटॅनिक काढणारी त्याची भाऊबंद का बसत नाही? दोघांनीही आपल्या गिऱ्हाइकाच्या तोंडी असलेली गोष्टच घेतली आहे.

'बिघडत गेली का' हा तुमचा प्रश्न मात्र मी झटकत नाही, कारण घसरण झालीच. ती विषयांमुळे झाली नाही, किमतीमुळे झाली. एका पैशाच्या चित्राशी स्पर्धा करायला आधी कलकत्त्याच्या बटतला भागातल्या छापखान्यांचे लाकडी ठशांचे छाप आले, मग १८७८ मध्ये निघालेल्या कलकत्ता आर्ट स्टुडिओसारख्यांची शिळाछापाची रंगीत देवचित्रं, मग जर्मनीहून आलेले चकचकीत छाप. रवि वर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वती देशभर पोचली आणि हाताने काढलेल्या देवाला भिंतीवर जागा उरली नाही. आपल्याकडच्या आजोळच्या देवघरात ज्या तसबिरी पाहिल्यात, त्यांनीच तिकडे पटुआचं गिऱ्हाईक नेलं, असं म्हटलं तरी चालेल.

या रेट्यात चित्राचं काय झालं ते फार लक्ष देऊन बघण्यासारखं आहे. वेळ वाचवायचा म्हणून आधी बारीक नक्षी गेली, मग कथील गेलं, मग छटाही. उशिराच्या कितीतरी चित्रांत कोऱ्या कागदावर चार-पाच झपाट्याच्या रेषा आणि दोन सपाट रंग एवढंच उरतं. काहींनी तर रेषाच छापून घेतली आणि फक्त रंग हाताने भरले. आता गंमत अशी की विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी आणि समीक्षकांनी ज्या मोकळ्या, धीट रेषेवर जीव ओवाळून टाकला ती हीच. पोटासाठी उरकलेल्या कामात त्यांना आधुनिकता दिसली. मला स्वतःला १८६०-७०च्या सुमाराची भरीव छटेची चित्रं जास्त आवडतात, पण त्या उशिराच्या रेषेत जोर नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला होता. घाईतही तो चुकला नाही.

१९३०च्या आसपास कालीघाटचा धंदा संपला. तोवर ही चित्रं टिकली ती बरीचशी परदेशी लोकांच्या पेट्यांतून. रुडयार्ड किपलिंगचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये १८६५ ते १८७५ शिकवत होते, मग लाहोरला गेले. त्यांनी जमवलेली कालीघाट चित्रं मुलाने १९१७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमला दिली. आज तिथे सहाशेहून अधिक कालीघाट चित्रं आहेत, जगातला सर्वांत मोठा संग्रह. ज्यांच्यासाठी ती काढली त्यांनी ती भिंतीला चिकटवली, धुराने काळी झाल्यावर फेकली आणि नवी आणली. हे वाईट झालं असं मला वाटत नाही. त्या चित्राचं काम तेवढंच होतं.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगते, कारण यावर वाचायला पुष्कळ मिळतं. बांकुडा जिल्ह्यातल्या बेलियातोडचे जामिनी रॉय (१८८७–१९७२) सरकारी आर्ट स्कूलमध्ये विलायती पद्धत शिकले, आधी कालीघाटच्या रेषेकडे वळले, आणि नंतर कालीघाट शहरी वाटू लागलं म्हणून गावच्या पटाकडे. त्यांनीही पटुआसारखी घरात कार्यशाळा चालवली आणि एकच चित्र पुन्हा पुन्हा काढून स्वस्तात विकलं. १९७६ पासून त्यांची चित्रं राष्ट्रीय ठेवा आहेत आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. गुरुसदय दत्त या आय.सी.एस. अधिकाऱ्याने गावोगावचे पट जमवले; कलकत्त्याजवळ जोका इथलं त्यांच्या नावाचं संग्रहालय त्यातूनच उभं राहिलं.

इथवरचं एका वाक्यात: गावात गाण्याबरोबर दाखवायची लांब गुंडाळी, देवळापाशी पैशाला विकायचा सुटा कागद, छापखान्याने मारलेला तो कागद, आणि शिकलेल्या चित्रकाराने कॅनव्हासजवळ आणलेली त्याची रेषा. तुमचं टायटॅनिक याच्या पुढच्या पायरीवर आहे.

कालीघाट मेलं तरी गावचा पट पूर्ण मेला नव्हता, धुगधुगी होती. आज पश्चिम मेदिनीपूरमधल्या पिंगला भागातलं नया हे गाव त्याचं मुख्य ठिकाण. तिथे बहुतेक घरं चित्रकारांचीच. मोठा बदल हा की पूर्वी पट घेऊन हिंडायचे ते पुरुष. आता बाया काढतात, गातात आणि दिल्ली-मुंबईच नव्हे तर परदेशीही जातात. दुखुश्याम चित्रकार यांच्यासारख्या जुन्या पटुआंनी बायांना गाणी शिकवली, स्वर्णा चित्रकार यांच्यासारख्यांनी नाव कमावलं. २०१० पासून गावात दरवर्षी 'पट माया' नावाचा मेळा भरतो, आणि २०१८ मध्ये बंगालच्या पटचित्राला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. एड्सबद्दल सावध करणारे पट, २००४ची त्सुनामी, अमेरिकेतले कोसळणारे मनोरे, करोना, सगळं पटावर येऊन गेलं. काही विषय पटुआला स्वतःला सुचलेले, काही संस्थांनी सांगून काढून घेतलेले; आणि हा फरक चित्रात दिसतो. सांगून काढलेल्या पटात पुष्कळदा गोष्ट कमी आणि सूचना जास्त असते. टायटॅनिक तसं नाही. बेहुला नवऱ्याचं प्रेत घेऊन नदीतून निघते ती कथा ज्यांच्या गळ्यात आहे, त्यांना पाण्यावरचं प्रेम आणि मरण परकं वाटायचं कारण नाही. तुमच्या पटात जहाजाखाली मोठे डोळे असलेले मासे असतील तर बेहुलेच्या पटातले मासे काढून शेजारी ठेवून बघा.

कालीघाटची रेषाही परत आली आहे. बीरभूमकडचे कलाम पटुआ यांनी पोस्टात नोकरी करता करता ती स्वतःहून उचलली आणि आजच्या मध्यमवर्गीय घरातले प्रसंग तिच्यात काढले. त्यांचं चित्र १८८०चं म्हणून कुणी विकत नाही, आणि म्हणूनच ते सरळ आहे.

नैसर्गिक रंगांबद्दल तुम्ही ओघात विचारलंय. नयामध्ये आज हळदीचा पिवळा, गोकर्णाच्या फुलांचा निळा, वालाच्या पानांचा हिरवा, मयाळूच्या फळांचा जांभळा, शेंदरीच्या बियांचा तांबडा, काजळीचा काळा, पांढऱ्या मातीचा पांढरा, असे रंग करतात आणि कच्च्या बेलफळातला डिंक घालतात. काम सुंदर आहे आणि खटाटोपाचं आहे. पण 'हजार वर्षं असंच चालत आलंय' असं विक्रेता सांगत असेल तर हसून सोडून द्या. मधल्या पिढ्यांनी बाजारातले रंग खुशाल वापरले. कालीघाटवाल्यांनी तर विलायती वापरले. झाडपाल्याच्या रंगांचा आजचा आग्रह बराचसा आजच्या गिऱ्हाइकामुळे आहे, आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्यावरून पटाची जात ठरवू नका. पोस्टर कलरमधला पटही उत्तम असू शकतो.

मग ठरवायचं कशावरून? गुंडाळीसाठी मी तीन गोष्टी बघते. काढणारीला त्या पटाचं गाणं येतं का. पट आणि गाणं जोडीने जन्मलेले असतील तर चौकटी गाण्याच्या कडव्यांप्रमाणे पडलेल्या असतात, आणि ते ऐकताना लगेच कळतं. तुम्ही थेट बाईंकडून घेतला आहे, तेव्हा त्यांना फोन करून गाणं म्हणायला सांगा, आनंदाने म्हणतील. दुसरं, डोळे आणि बोटं. घाईच्या नकलेत चेहरे ठीक असतात, पण हाताची बोटं काड्यांसारखी सुटी पडतात. तिसरं, पाठ. चांगल्या पटाला मागून जुन्या साडीचं मऊ कापड चिकटवलेलं असतं आणि ते सगळीकडे सारखं बसलेलं असतं. बुडबुडे असतील तर पाच-सहा वर्षांत तिथूनच रंग तडकणार.

मांजरासाठी कसोट्या कडक. अंधाऱ्या खोलीत कागदावर यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा झगझगीत उजळला तर त्यात पांढरेपणासाठी घातलेली रसायनं आहेत, आणि तसा कागद साधारण १९५०च्या आधी बनत नव्हता. मग १८८०ची गोष्ट तिथेच संपली. कागद उजळला नाही तर मात्र लगेच खूश होऊ नका. जुन्या हिशेबवह्यांची कोरी पानं काढून त्यांवर नवी चित्रं करणारे हुशार लोक आहेत. म्हणून पुढे भिंग घ्या. रंगाखाली पेन्सिलीची पुसट रेघ दिसते का. काळी रेषा कुंचल्याची आहे की छापील. चंदेरी रंग राखाडी आणि दाणेदार आहे की बारीक चमचमत्या पापुद्र्यांचा, कारण तो दुसरा असेल तर आजच्या बाटलीतला आहे. कागदाचा रंग बघा: खरा जुना कागद कडांना जास्त तपकिरी आणि मध्ये कमी असतो, आणि कोपरा किंचित वाकवला की तुटेल की काय अशी भीती वाटते. चहाच्या पाण्याने जुनवलेला कागद सगळीकडे सारखा पिवळा असतो, आणि चुरगळीच्या रेषांत डाग जास्त साचलेला दिसतो.

एक कायद्याची गोष्ट. शंभर वर्षांहून जुनं चित्र १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. १८८० सांगणाऱ्या व्यापाऱ्याला परवाना दाखवा म्हणा आणि बिलावर साल लिहून मागा. पुष्कळ चित्रं त्या क्षणी 'जुन्या पद्धतीची' होतात.

जपण्याबद्दल. ठाण्याच्या हवेत तुमचा शत्रू ओल, आणि भिंतीवर लावलंत तर ऊन. हळदीचा पिवळा आणि गोकर्णाचा निळा सर्वांत आधी उडतात. काजळी तुमच्या पतवंडांपर्यंत टिकेल. त्यामुळे टायटॅनिक खिडकीसमोर लावू नका, आणि वर्षभर लावून ठेवण्यापेक्षा काही महिने लावा, मग गुंडाळून ठेवा. गुंडाळताना बारीक नळी नको. मनगटाहून जाड पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर आम्लमुक्त कागद, आणि पट सैलसर. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, धुतलेल्या सुती कापडात ठेवा. पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली नाही ना ते बघा. डांबरगोळ्या पटाला चिकटून ठेवू नका. लॅमिनेशन तर कुणी फुकट करून दिलं तरी नको. मांजर घेतलंतच तर फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यात जाड माउंटची फट राहू द्या, आणि मागे प्लायवूड लावू देऊ नका. त्यातलं आम्ल कागदाला पिवळं करतं. फ्रेमवाला सेलोटेप काढेल, त्याचा हात धरा.

पैशांचं विचारलंत म्हणून सांगते. टायटॅनिकला तुम्ही दिलेली रक्कम मला वाजवी वाटते. पाच चौकटींचं काम, रंग करण्यापासून धरलं तर कित्येक दिवसांचं आहे, आणि पैसे काढणारीच्या हातात गेलेत. मांजरासाठी व्यापारी जो आकडा सांगतोय तो वरच्या सगळ्या कसोट्या पार केल्या आणि बिलावर साल आलं तरच विचारात घ्या. यूव्ही टॉर्च ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. तो घेऊन जा, दुकानातला दिवा बंद करायला सांगा, आणि काय दिसलं ते इथे लिहा. मग किमतीचं बोलू.